बिनभोकाच्या पैशासाठी इंदूर

इंदूरला माणसं जातात ती राजवाडा पाहायला, तिकडे दिलेल्या लेकीला भेटायला, नाहीतर सराफ्यात उभ्याउभ्या खायला. मी गेलो एका पैशासाठी. निघण्यापूर्वी हे आळीत सांगितलं, तर समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "एका पैशासाठी एवढं तिकीट काढलंत?" आणि उत्तराची वाट न पाहता आत जाऊन दार लावून घेतलं. पुण्यात निरोप असाच देतात.

माझा छंद थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. मी शाळेत गणित शिकवतो आणि घरी चुकलेली नाणी जमवतो. टांकसाळीत यंत्र दिवसभर नाणी पाडतं, आणि माणसासारखं तेही अधूनमधून चुकतं. कोरी चकती ठशाखाली नीट बसत नाही आणि राजाचं अर्धं डोकं नाण्याबाहेर जातं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, आणि पुढच्यावर एकाच बाजूचं चित्र दोनदा उमटतं, त्यातलं एक उलटं आणि खोलगट. असं नाणं हजारो चांगल्या नाण्यांत एखादंच सापडतं, म्हणून त्याला किंमत. नीट पडलेल्या आण्याचा एक आणा येतो. चुकलेल्याचे पाच रुपयेही येतात. वर्गात मी मुलांना चुकांबद्दल छड्या देतो आणि घरी येऊन चुका मखमलीत ठेवतो, असं आमची ही म्हणते. तिचं सगळंच बरोबर असतं.

कालाकुंड

खांडव्याला मोठी गाडी सोडून अरुंद रुळांच्या गाडीत बसलं, की महूच्या अलीकडे घाट लागतो. कालाकुंड नावाचं चिमुकलं स्टेशन आहे. तिथे चढणीसाठी गाडीला मागून आणखी एक इंजिन लावतात आणि तेवढ्यात सगळी गाडी खाली उतरून पानांच्या द्रोणांतला कलाकंद खाते. मीही उतरलो. कलाकंद रवाळ, कोमट, दुधाचा वास असलेला. पुण्यात असा पदार्थ मिळाला असता, तर तो दुपारी एक ते चार बंद राहिला असता.

मी दोन आण्यांची चवली दिली. विकणाऱ्यानं मोड परत दिली, ती मी सवयीनं उन्हात धरून भिंगाखाली घातली. एका अर्ध्या आण्याची कड जराशी चावल्यासारखी दिसत होती. कोरी चकती कापताना पत्र्याच्या टोकाला पडली, की नाण्याची एक बाजू अशी चंद्रकोरीसारखी कमी भरते.

"बाबूजी, खोटा नहीं है!" विकणारा घाबरला.

"खोटा नसला तर फारच उत्तम," मी म्हटलं.

"अरे, तो क्या देख रहे हो?"

"चूक आहे का ते पाहतोय."

त्यानं ते नाणं माझ्या हातातून हिसकावून घेतलं, दुसरं गुळगुळीत, निर्दोष, एका छदामानंही जास्त किंमत नसलेलं नाणं हातावर ठेवलं आणि चार माणसांत माझ्याकडे हात करून म्हणाला, "शक्की आदमी है." ती चंद्रकोर खरी होती की कुणी कानशीनं घासलेली, हे आता मला मरेपर्यंत कळणार नाही. डब्यात परतलो तर शेजारच्या बाईंनी आपली ट्रंक माझ्यापासून चार बोटं लांब सरकवली होती.

पुढे पाताळपाणीचा धबधबा लागतो. तो माझ्या उलट्या बाजूच्या खिडकीतून दिसतो.

रामबाग

इंदुरात माझी थोरली बहीण, अक्का, गेली पंचवीसएक वर्षं आहे. तिचे यजमान भाऊसाहेब पूर्वी होळकर दरबारच्या खजिन्यात होते. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, भाऊसाहेबांना लवकर पेन्शन मिळाली, आणि सरकार थंडीत ग्वाल्हेरला व उन्हाळ्यात इंदूरला राहू लागलं. दोन बायकांच्या दादल्याची जी फजिती होते, ती इथे फायलींची होते. मी गेलो तेव्हा थंडी होती, म्हणजे सरकार ग्वाल्हेरला. इंदूरची मराठी मंडळी अशा दिवसांत ग्वाल्हेरकरांना नावं ठेवत उन्हात बसतात. सरकार परत आलं, की त्याच ग्वाल्हेरकरांना जेवायला बोलावतात.

"या, या वसंतराव!" भाऊसाहेब फाटकातच होते. "गाडी टाइमावर येऊन गेली म्हणजे कमालच झाली, भिया. थकून गेले असाल. पहिले हातपाय धुऊन घ्या, मग फुरसतीनं दाखवतो."

"काय ते जेवल्यावर दाखवा," अक्का आतून म्हणाली. "तो तुमचा पैसा कुठे पळून नाही जाऊन राहिला."

भावाला 'भिया' म्हणणाऱ्या या गावात पंचवीस वर्षांत अक्काचं मराठी असं झालं आहे. आईनं ऐकलं असतं तर तिला परत पहिलीत बसवलं असतं. माझ्या कानाला मात्र दोन दिवसांत ते गोड लागू लागलं. तिसऱ्या दिवशी मीच "पाणी देऊन द्या" म्हणालो आणि दचकलो.

जेवताना आमटीवर शेव, भातावर शेव, आणि मी नको म्हटल्यावर ताटाच्या कडेला, "राहू द्या, लागली तर," म्हणून शेव. जेवण आटोपून भाऊसाहेब ओट्यावर पानाची तयारी करायला गेले, आणि मग अक्का माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "वसंता, पैसा खरा निघो की खोटा निघो, मला त्याचं काही नाही. ह्यांना मगनलालजींशी बोलतं कर. एक वर्ष झालं. हे संध्याकाळी सराफ्यात जायचे, तिथे बसायचे, हसत घरी यायचे. आता उलट्या बाजूला फिरायला जातात आणि येऊन भिंतीकडे तोंड करून पेपर वाचतात. ह्या गावात ह्यांना दुसरं माणूसच नाही रे."

भांडण असं. लढाईच्या दिवसांत तांबं वाचवण्यासाठी सरकारनं मधोमध भोक पाडलेला पैसा काढला होता. तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: पोरांच्या करगोट्यात ओवलेला, सुताराच्या खिळ्याखाली चकती म्हणून बसवलेला. भाऊसाहेबांना शेवेच्या दुकानातून परत आलेल्या मोडीत असा एक पैसा मिळाला, त्याला भोकच नव्हतं. वर मुकुट, मागे वेल, सगळं जागच्या जागी, आणि मध्ये गुळगुळीत तांबं. त्यांनी तो गावभर दाखवला आणि मग मगनलालजींच्या दुकानात नेला. मगनलालजी म्हणजे सराफ्यातले जुने सराफ, भाऊसाहेबांचे तरुणपणापासूनचे मित्र. त्यांच्या दुकानाच्या लाकडी उंबऱ्यावर खोटी नाणी खिळे मारून ठोकलेली असतात. एकदा ठोकलं की ते नाणं बाजारात फिरत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडतो. मगनलालजींनी भाऊसाहेबांचा पैसा हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "भाऊसाब, भोक भरवाके लाए हो. लाओ, देहरी पे ठोक देता हूँ."

भाऊसाहेबांनी पैसा उचलला आणि बाहेर पडले. त्यानंतर ते त्या उंबऱ्यावर चढले नाहीत.

"मला त्याची किंमत नको," ते मला म्हणाले. पान हातातच राहिलं होतं. "बिलकुल नको. पण मगननं एकदा खरा म्हणावं. खजिन्यात एवढी वर्षं नोकरी केली, आणि हा माणूस सगळ्यांसमोर मला खोटं नाणं चालवणारा म्हणतो?"

मी म्हटलं, निकाल मी देतो, पण दोघांसमोर. भाऊसाहेबांना ते पटलं. पैसा त्यांनी तेव्हा मला दाखवलाच नाही. पंचानं एकट्यानं पाहू नये, असं त्यांचं खजिन्यातलं मत पडलं. मी नुसती डबी पाहिली.

पोहे, जिलबी आणि जनता

सकाळी भाऊसाहेब मला पोहे खायला घेऊन गेले. इंदूरचे पोहे वाफेवर फुलवतात, त्यात बडीशेप असते, वर अर्थातच शेव, आणि शेजारी त्याच पानावर जिलबी. तिखट आणि गोड एकमेकांना लागलेलं पाहून मी म्हटलं, हे दोन पदार्थ आहेत. दुकानदार म्हणाला, "पहले खाओ, फिर गिनना." मी खाल्ले, आणि मग पुन्हा मागवले. पुण्यात कुणी विचारलं तर हे नाकारीन.

ही पोह्यांची फेरी भारी पडली. भाऊसाहेबांनी दुकानात मोठ्यानं माझी ओळख करून दिली, आणि आम्ही घरी पोचायच्या आत ओट्यावर माणसं बसलेली. इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात, असं दिसतं, एक तरी विचित्र नाणं देवघरात असतं आणि त्याची किंमत ठरवायला कुणी पुण्याहून यायचं बाकी असतं.

गंमत अशी की ही मंडळी नाण्याआधी घराणं सांगत. "आमचे आजोबा दरबारात मानकरी होते," असं एकांनी सुरू केलं, आजोबा संपायला चहा लागला, आणि मग रुपया निघाला. त्यावरच्या राजाला नाक नव्हतं.

"झिजलाय," मी म्हटलं.

"मानकऱ्यांच्या घरी होता हो!"

"मानकऱ्यांच्या घरी झिजलाय."

दुसऱ्यांनी आणलेला आणा पापडासारखा पसरलेला होता. तो त्यांच्या पुतण्यानं महूच्या गाडीखाली ठेवला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि तरी म्हणाले, "पण फरक तर पडून राहिला ना, भिया?" त्यांना मी मूळ सूत्र समजावलं. टांकसाळीच्या आत झालेली चूक, तिची किंमत होते. टांकसाळीबाहेर झालेला अत्याचार, त्याची नाही. वाकवलेलं, घासलेलं, जाळलेलं, रुळाखाली घातलेलं, कानात अडकवण्यासाठी भोक पाडलेलं, हे सगळं बाहेरचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग टांकसाळीतच रूळ असता तर?"

महूहून एक निवृत्त सुभेदार खास आले होते. त्यांच्या रुपयाला दोन्ही बाजूंनी राजाचं डोकं. मी कडेच्या आतली बारीक रेघ दाखवली. दोन रुपये अर्धे घासून एकमेकांत बसवले होते. कुणीतरी कसबी माणसानं केलेलं काम. एका बाजूला डोकं कोरलेला ठसा आणि दुसऱ्या बाजूला आकडा, हे यंत्रात असं बसवलेलं असतं, की दोन डोकी एकत्र यायची सोयच सहसा नसते. सुभेदार जराही खट्टू झाले नाहीत.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "ह्याच्यावर मी पलटणीच्या क्रिकेटमध्ये एकही नाणेफेक हरलो नाही. मला फक्त पाहायचं होतं, की तुम्हाला कळतं का."

ते निघून गेल्यावर भाऊसाहेबांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल भरवसा दिसला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

सराफा

संध्याकाळी मी एकटाच मगनलालजींकडे गेलो. सराफ्यात दिवसा चांदी विकतात आणि दुकानं बंद व्हायला लागली, की त्याच फळ्यांवर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस तिथे खाल्ला. मक्याचा असा दूध घालून केलेला, मऊ, हिरव्या मिरचीचा पदार्थ आमच्याकडे का होत नाही कळत नाही. बहुधा कणसं आम्ही भाजूनच संपवतो.

उंबऱ्यावरची नाणी पायाखाली चमकत होती. मी ती वाकून पाहिली. सगळी खरोखरच खोटी: शिशाची, पोकळ, ओतीव. त्यांत चुकलेलं नाणं एकही नव्हतं. हा माणूस ठोकण्यापूर्वी नीट पाहतो, एवढं मला तिथेच कळलं.

मगनलालजी गोरे, स्थूल, पांढऱ्या टोपीचे. गादीवर त्यांच्या शेजारी एक लोड मोकळा होता. एक गिऱ्हाईक त्याला टेकायला गेलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "उधर नहीं, इधर बैठो."

मी का आलो ते सांगितलं. ते बराच वेळ तराजू पुसत राहिले.

"मास्टरसाब, मैं भाऊसाब के घर नहीं जाऊँगा."

"मग?"

"भाभीजी बुलाएगी तो भाभीजी के घर आऊँगा."

"घर एकच आहे."

"वो तुम पूनावालों का हिसाब है."

मी परत आलो आणि अक्काला सांगितलं. तिनं लगेच त्यांच्या घरी निरोप पाठवला: रविवारी पुरणपोळी आहे. अक्का आणि मगनलालजींच्या घरच्या बाई वर्षभर एकमेकींकडे वाट्या पाठवतच होत्या, हेही तेव्हा कळलं. इकडून पुरणपोळी जायची, तिकडून घेवर यायचा, आणि दोन्ही घरचे पुरुष ते गुमान खायचे.

रविवार

मगनलालजी आले, पायऱ्या चढले आणि आत पाहून म्हणाले, "राम राम, भाभीजी." भाऊसाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी तुळशीकडे पाहिलं.

दोघंही समोरासमोर पाटांवर बसले. मध्ये मी.

"वसंतराव, यांना विचारा, तूप वाढू का," भाऊसाहेब म्हणाले.

"मास्टरसाब, इनको बोलो, मैं भाभीजी के घर आया हूँ. भाभीजी परोसेगी."

"वसंतराव, सांगा यांना, तूप मी आणलेलं आहे."

"तो बोलो, अच्छा है. थोड़ा और दो."

मी पुरणपोळी खाऊ शकलो नाही. निरोपांनीच पोट भरलं. जेवणं झाली, पानं झाली. मी अंगणात उन्हात चौरंग मांडला, पाटा आणवला, भिंग काढलं. मगनलालजींनी खिशातून सोनं तोलायचा, रत्त्यांचा छोटा तराजू काढून मध्ये ठेवला, कुणी न सांगता. मी म्हटलं, आणा आता.

अक्का देवघरातून तबक घेऊन आली. तबकात विड्याचं पान, पानावर पैसा, पैशावर हळदकुंकवाचं बोट. मी कुंकू पुसलं. पैसा गुलाबी होता. नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा लखलखीत गुलाबी.

"अक्का, हे धुतलंस?"

"मग?" ती म्हणाली. "पुण्याहून तू पाहायला येणार, मगनलालजी येणार, आणि लक्ष्मी काळीकुट्ट दाखवू? चिंच लावली, मीठ लावलं, वरून रांगोळीनं घासली. आता बघ कशी दिसून राहिली."

आपल्याकडे कुठलीही वस्तू चारचौघांत आणायची तर ती आधी घासायची, हा संस्कार आहे. समई घासतात, ताम्हन घासतात, मुलांना घासतात. नाणं जमवणाऱ्याला मात्र तो तपकिरी थरच हवा असतो. वर्षानुवर्षं हवेनं आणि हातांनी चढलेला तो थर म्हणजे नाण्याचं वय. रांगोळीच्या बारीक ओरखड्यांनी ते सगळं गेलं होतं. मात्र खरंखोटं ठरवायला धातू शाबूत होता.

मी पैसा पाट्यावर टाकला. खणखणीत वाजला. भोक भरलेलं नाणं बद्द वाजतं, कारण आतला तुकडा वेगळा असतो. मग भिंग लावलं. भरलेल्या भोकाभोवती कितीही घासलं तरी सांध्याची गोल रेघ सापडते. इथे दोन्ही बाजूंनी तांबं सलग होतं. तराजूत समोर नेहमीचा भोकाचा पैसा टाकला, तर भाऊसाहेबांचा जड भरला, आणि भोकाचा तुकडा गेला असता तर कमी झाला असता तेवढाच जड. यंत्रानं ही एक चकती भोक न पाडताच पुढे सरकवली होती, आणि पुढे ठशानं आपलं काम केलं होतं.

"खरा आहे," मी म्हटलं. "टांकसाळीचीच चूक. शंका नाही."

भाऊसाहेबांनी श्वास सोडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मगनलालजींकडे पाहत होते. मगनलालजी चौरंगाकडे पाहत होते. तिथेच मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तज्ज्ञाला प्रश्न विचारला नाही, तरी उत्तर द्यायची खोड असते.

"किंमत मात्र," मी म्हणालो, "काल असती तर दहा-बारा रुपये. आता घासल्यावर, सव्वा रुपया. तोही गिऱ्हाईक मिळालं तर."

"सव्वा?" भाऊसाहेब म्हणाले.

"रुपयाचे पैसे चौसष्ट, तेव्हा एका पैशाचा सव्वा रुपया म्हणजे ऐंशी पट होतात," मी गणिताच्या मास्तरसारखं समजावलं.

भाऊसाहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. ते अक्काकडे वळले. "तुला कोणी सांगितलं होतं घासायला? हात तरी का लावला तू त्याला?" अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तबक तिच्या हातातच होतं.

"भाऊसाब!" मगनलालजी कडाडले. "भाभीजी को कुछ नहीं बोलना. लक्ष्मी है, धोएगी नहीं तो क्या करेगी?"

वर्षभरातलं ते पहिलं वाक्य. बोलल्यावर दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघंही घाबरले. मग दोघांना एकदम वाट सापडली. ती वाट म्हणजे मी.

"और मास्टरसाब, सव्वा रुपया क्या होता है?" मगनलालजी माझ्यावर घसरले. "सव्वा रुपया अपन पंडत को देते हैं सत्यनारायण में! भाऊसाब का सिक्का और सव्वा रुपया?"

"बघा ना," भाऊसाहेब म्हणाले. "पुण्यात काय ठेवलेलं आहे? पुण्यात कोणी नाणं पाहिलं तरी आहे का कधी?"

"मैं पाँच सौ में न दूँ."

"अरे पाचशे! पाचशेचं तर ह्याचं नुसतं वाजणं आहे, मगन!"

"तुम ये भिंग लेके घूमते हो, इससे कुछ नहीं होता. आँख चाहिए, आँख!"

मी भिंग खिशात घातलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोला. मी इतक्या लांबून आलो, निर्दोष निकाल दिला, आणि हे दोघं माझ्या अंगणातून माझ्यावरच धावून येतात. अंगणही माझं नव्हतं म्हणा. पण अक्का पदरानं डोळे पुसत हसत होती, म्हणून मी पाटा उचलून आत नेऊन ठेवला. संध्याकाळी ते दोघं एकत्र फिरायला गेले. मला बोलावलं नाही.

स्टेशन

मला पोचवायला मात्र दोघंही आले, एकाच टांग्यात. मगनलालजींनी शेवेची एवढी मोठी पुडी दिली, की तिच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागेल असं वाटलं. भाऊसाहेब सुरईत पाणी भरायला नळाकडे गेले, आणि मगनलालजी माझ्या खिडकीला चिकटले.

"मास्टरसाब, बुरा तो नहीं माना?"

"मानलं."

"अच्छा किया." त्यांनी मागे वळून नळाकडे पाहिलं. "सिक्का खरा था. म्हारे को पहली नजर में मालूम था. हाथ में लेते ही."

मी खिडकीतून वाकलो. "मग उंबऱ्यावर ठोकतो का म्हणालात?"

"ग्वालियर के साहब को दिखाया. दफ्तरवालों को दिखाया. डॉक्टर को दिखाया, जिसको नब्ज के सिवा कुछ नहीं दिखता. सबसे आखिर में म्हारे पास लाए. इतने साल की दोस्ती, और मैं आखिर में?" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "गुस्से में निकल गया, भिया. फिर एक बार खोटा बोल दिया तो सराफ का मुँह पलटता नहीं. उनको मत बताना."

भाऊसाहेब सुरई घेऊन आले. मगनलालजी माझ्यासाठी पान आणायला म्हणून गेले, आणि भाऊसाहेबांनी विचारलं, "काय म्हणून राहिला होता मगन?"

"काही नाही."

"अजून एकदाही त्यानं खरा म्हटलं नाही, वसंतराव. लक्षात आलं तुमच्या? किंमत पाचशे म्हटला, पण खरा नाही म्हटला."

"तुम्ही त्यांना सगळ्यांच्या शेवटी का दाखवलात?" मी विचारलं.

भाऊसाहेबांनी सुरईचं तोंड फडक्यानं बांधायला घेतलं आणि ते त्यांना बांधता येईना. "बाकीच्यांनी खोटा म्हटलं असतं तर मला काय फरक पडत होता? मगननं म्हटलं असतं तर संपलंच की. म्हणून टाळत गेलो. शेवटी हिंमत करून नेला." ते कुजबुजले, "हे त्याला सांगू नका. चढून बसेल."

मगनलालजी पान घेऊन आले. शिट्टी झाली. मी डब्यात बसलो होतो आणि माझ्या एका कानात एकाचं गुपित आणि दुसऱ्या कानात दुसऱ्याचं. दोघांनीही शपथ घातली होती. शब्द पाळणं हा गुण आहे, हे मी मुलांना शिकवतो. पण हे दोघं उरलेलं आयुष्य एकमेकांशेजारी बसून तेवढं एक सोडून सगळं बोलणार, हे मला सहन होईना.

अरुंद रुळांची गाडी निघते हळूच. शेजारून चालणारा माणूस तिच्याशी गप्पा मारू शकतो. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि ओरडलो, "मगनलालजी, तुमच्या शब्दाची भीती वाटली म्हणून शेवटी दाखवला त्यांनी! भाऊसाहेब, त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं! शेवटी दाखवलात म्हणून रागावले!"

दोघं जागीच उभे राहिले. दोघांनीही आधी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा इंदूरला यायची मला हिंमत होऊ नये. मग भाऊसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, डबी काढली, उघडली आणि मगनलालजींपुढे धरली. मगनलालजींनी टोपी सावरली, चष्मा धोतरानं पुसला, पैसा दोन बोटांत उचलून उन्हाकडे केला आणि सावकाश दोन्ही बाजूंनी पाहिला. गाडी फलाटाच्या टोकाला आली होती, तरी त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. सराफ्यात भाव सांगतात त्या आवाजात, सगळ्या स्टेशनला सांगत होते ते.

"खरा है, भाऊसाब! खरा है!"